कुंभीकाठच्या गोठ्यावरील मुक्काम: पाहुण्याला काय करू दिले जात नाही

गोठ्यावरच्या मुक्कामाची जाहिरात करणारे बहुतेक जण पाहुण्याला तेथे काय काय करता येईल याची लांबलचक यादी देतात. धार काढा, वासराला पाजा, बैलगाडीत बसा, चुलीवर भाकरी थापा. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळे गाव ओलांडल्यानंतर कुंभी नदीच्या बाजूला असलेल्या ज्या गोठ्यावर आम्ही जानेवारीच्या अखेरीस राहिलो, तेथे मात्र पहिल्याच संध्याकाळी काय करता येणार नाही हे सांगण्यात आले. नुकत्याच व्यालेल्या किंवा व्यायला झालेल्या म्हशीजवळ जायचे नाही, वैरण बारीक कापणाऱ्या कुट्टीच्या यंत्राला हात लावायचा नाही, न तापवलेले दूध प्यायचे नाही, आणि दुसऱ्या एखाद्या गोठ्यात वापरलेली चप्पल या गोठ्यात आणायची नाही. कृषी पर्यटनाच्या नावाखाली चालणारी काही ठिकाणे पाहिल्यानंतर माझे असे मत झाले आहे की चालता गोठा आणि पर्यटकांसाठी मांडलेला गोठा यांतला फरक ओळखायचा असेल, तर पाहुण्याला कुठे थांबवले जाते ते पाहावे. या कसोटीवर हा मुक्काम फार वरचा ठरतो. त्यात काही उणिवाही आहेत आणि त्यांतल्या दोन-तीन सहज दूर करता येण्यासारख्या असल्यामुळे त्या अधिक खटकतात.

कुटुंब एकत्र आहे. सासूबाई, ज्यांना सगळी वाडी आक्का म्हणते, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि शाळकरी नातवंडे. ऊस आणि भाताची शेती आहे. दावणीला बारा म्हशी आहेत, त्यांत मुऱ्हा अधिक आणि पंढरपुरी कमी, शिवाय चार होल्स्टीन संकरित गायी. मुऱ्हा म्हशीची शिंगे जलेबीसारखी आत वळलेली असतात, तर पंढरपुरीची शिंगे मागे खांद्यापर्यंत, कधी त्याही पलीकडे जातात. त्यामुळे अरुंद दावणीत पंढरपुरी म्हशीच्या बाजूने जाताना मान वळवण्याचा तिचा अंदाज घेऊनच पाऊल टाकावे लागते. घरातील धाकट्या मुलाने, राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यानंतर, गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या बांधल्या आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली. पाहुण्यांचे उत्पन्न हे त्यांच्यासाठी जोडउत्पन्न आहे. मुख्य धंदा दुधाचा, आणि तो मुख्य असल्याचे तुम्हाला क्षणभरही विसरू दिले जात नाही.

खोल्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्वच्छ फरशी, लोखंडी पलंग, जाड चादरी, सौरबंबाचे गरम पाणी, शहरी पद्धतीचे शौचालय. वातानुकूलन नाही आणि जानेवारीत त्याची गरजही पडत नाही. खिडक्यांना जाळ्या आहेत, परंतु एका खोलीची जाळी खालच्या बाजूने सुटलेली आहे आणि गोठा जवळ असल्यामुळे डास भरपूर आहेत. मच्छरदाणी मागितल्यावर मिळाली, न मागता मिळायला हवी होती. शेणाचा आणि मुरघासाचा, म्हणजे आंबवून साठवलेल्या वैरणीचा, वास खोलीपर्यंत येतो. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी येथे येऊ नये, आणि असे सांगण्यात मालकांची कोणतीही निंदा नाही.

दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पाहुण्याने उठलेच पाहिजे असा आग्रह नाही. परंतु तुमच्यासाठी कोणी थांबतही नाही. पहिले काम गोठा झाडण्याचे. शेण घमेल्यांत भरून बाहेर न्यायचे, मूत्राच्या चरीत अडकलेली वैरण काढायची, फरशीवर पाणी मारायचे. हे काम पाहुण्याला पूर्णपणे दिले जाते आणि कसलीही सवलत न देता दिले जाते. भरलेले घमेले उचलून उकिरड्यापर्यंत नेताना शहरी माणसाच्या कमरेची जी अवस्था होते ती पाहून थोरल्या सूनबाई एवढेच म्हणाल्या, “ताई, निम्मंच भरा की. दोन खेपा जास्त झाल्या तर काय बिघडत न्हाई.” पुढच्या खेपांना मी तसेच केले आणि त्यांच्या सल्ल्याचे मोल कळले.

त्यानंतर खुराक. सरकी पेंड आणि गोळी पेंड, त्यात मूठभर क्षार मिश्रण, थोडे मीठ. कोणत्या म्हशीला किती द्यायचे हे तिच्या दुधावर ठरते. भाकड म्हशीची पाटी आणि दहा लिटर देणाऱ्या म्हशीची पाटी वेगळी. पाट्या मापून भरण्याचे काम घरचीच माणसे करतात, गव्हाणीत नेऊन ठेवण्याचे पाहुणे करू शकतात. खुराक समोर आला की कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसली जाते, रेडकू सोडले जाते, ते दोन-चार ढुशा देते, आणि म्हैस पान्हा सोडते. पहिल्या एक-दोन धारा काळ्या रंगाच्या वाटीत काढून पाहिल्या जातात, कारण दुधात बारीक गुठळ्या असतील तर त्या काळ्या पृष्ठभागावर चटकन दिसतात आणि कासदाहाची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात वेळेवर लक्षात येते. ही वाटी मी अन्य ठिकाणी, विशेषतः पर्यटकांना धार काढायला लावणाऱ्या ठिकाणी, पाहिलेली नाही.

धार काढण्याची हौस प्रत्येक पाहुण्याला असते आणि याच जागी या गोठ्याची शिस्त दिसते. पाहुण्यांसाठी एक म्हैस ठरलेली आहे: म्हातारी, शांत, दूध आटत आलेली. तिच्यापाशी बसून दोन सडांतून थोडेसे दूध काढायचे, ते वेगळ्या भांड्यात घ्यायचे, आणि उरलेली धार घरचा माणूस पूर्ण करणार. बाकीच्या म्हशींना हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी दुसऱ्या म्हशीकडे मोर्चा वळवला तेव्हा थोरल्या भावाने हसतच, पण ठामपणे अडवले: “पावणं, तुमी हिकडंच बसा. ती बुजली तर सांजच्याला बी दूध चोरती.”

यामागचे कारण त्यांनी नंतर सांगितले, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. गाईच्या कासेत काही दूध सडांच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेले असते. म्हशीच्या बाबतीत हा साठा फार थोडा असतो, जवळजवळ सगळे दूध कासेच्या आतल्या बारीक पेशीकोषांत राहते आणि पान्हा सुटल्यावरच खाली येते. पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार पूर्ण झाली पाहिजे. अनोळखी माणूस, वेगळा आवाज, मोबाइलचा उजेड, गार हात, यांपैकी कशानेही म्हैस घाबरली तर पान्हा अडतो आणि दूध कासेतच राहते. राहिलेल्या दुधाने कासदाहाचा धोका वाढतोच, शिवाय धारेच्या शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश सर्वाधिक असल्याने गावच्या दूध संस्थेत फॅटही कमी लागते. म्हणजे पाहुण्याने हौसेने दहा मिनिटे रेंगाळत काढलेल्या धारेची किंमत मालकाला दोन ठिकाणी मोजावी लागते. काही गोठ्यांत अशा अडलेल्या पान्ह्यावर इंजेक्शनचा उतारा शोधला जातो. जनावराच्या आरोग्याला अपाय करून दूध वाढवण्यासाठी काहीही टोचणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. येथे तसे काही दिसले नाही, आणि पाहुण्यांना दूर ठेवण्याची त्यांची पद्धत पाहता त्याची गरजही पडत नसावी.

जी म्हातारी म्हैस आमच्या वाट्याला आली, तिच्यापाशी मात्र शिकवणी चोख होती. सड चिमटीत धरून ओढायचा नाही, अंगठा आत मुडपून त्यावर दाबायचा नाही, पूर्ण मूठ वापरायची: अंगठा आणि पहिले बोट यांनी वरचा भाग आवळायचा आणि मग एकामागून एक बोटे मिटत दूध खाली ढकलायचे. अंगठा मुडपून धार काढणारे अनेक जुने गवळी आहेत आणि त्यांचा हात वेगवान असतो, परंतु त्या पद्धतीने सडाला इजा होते असे या घरातल्या पुढच्या पिढीने पशुवैद्यकीय प्रशिक्षणात ऐकून आपली सवय बदलली आहे. आक्का अजूनही अंगठा मुडपतात. त्यांना सांगायची कोणाची प्राज्ञा नाही.

गायींचे दूध यंत्राने काढले जाते. बादलीला जोडलेले चार कप, निर्वात पंप, आणि ठरावीक तालात दाब सोडणारे पल्सेटर. पाहुण्याला कप लावू दिले जात नाहीत, पण धार संपल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे काम दिले जाते. त्यानंतर लगेच समोर वैरण टाकली जाते. धारेनंतर सडाचे तोंड काही काळ उघडे राहते आणि त्या वेळी जनावर शेणात बसले तर रोगजंतू आत शिरतात, म्हणून त्याला खाण्यात गुंतवून उभे ठेवायचे. हे इतके साधे आणि इतके शहाणपणाचे आहे की मुक्कामात शिकलेल्या गोष्टींत मी याला वरचे स्थान देईन.

सहाच्या सुमारास किटल्या दुचाकीला अडकवून दूध गावच्या संस्थेत जाते आणि पाहुणे सोबत जाऊ शकतात. हा भाग कोणीही चुकवू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावसंस्था १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाशी, म्हणजे सर्वांना ‘गोकुळ’ या नावाने ठाऊक असलेल्या संघाशी जोडलेल्या आहेत, आणि ही संस्थाही त्यांतलीच. छोट्या खोलीत वजनकाटा, दूध तपासणीचे यंत्र, संगणक, आणि दारात किटल्या, कॅन, तांबे घेऊन उभे असलेले सभासद. कोणी दोन लिटर घालतो, कोणी चाळीस. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्राला लावला जातो, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पडद्यावर येतात, आणि त्याप्रमाणे दराची पावती निघते. म्हशीच्या दुधाच्या दराचा पाया ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हा आहे. त्यावर जितके जास्त तितका दर चढतो. आम्ही होतो त्या दिवशी या घराच्या म्हशींचे फॅट ७.१ लागले. दहा दिवसांनी बिल होते आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावरचा फरक मिळतो, ज्यावर अनेक घरांची कपड्यांची आणि देण्याघेण्याची गणिते उभी असतात. संस्थेच्या पुस्तकावर आक्कांचे नाव आहे. गोठ्याचे बहुतेक काम बायका करतात आणि पुस्तक मात्र पुरुषाच्या नावावर असते, अशी घरे मी पुष्कळ पाहिली असल्यामुळे ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

न्याहारीनंतरचा वेळ वैरणीचा. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असल्यामुळे या दिवसांत उसाचे वाडे मुबलक असते. ऊसतोड मजूर तोडलेल्या उसाच्या शेंड्यांच्या मोळ्या बांधून विकतात, तो त्यांच्या मजुरीवरचा वरकड पैसा असतो, आणि दूध उत्पादकाला स्वस्त हिरवी वैरण मिळते. परंतु वाड्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. नुसत्या वाड्यावर ठेवलेली म्हैस हळूहळू खंगते, व्याल्यावर बसते, माजावर वेळेवर येत नाही. म्हणून येथे वाडे एकट्याने दिले जात नाही. मक्याचा मुरघास, हत्तीगवत, थोडा कडबा आणि क्षार मिश्रण यांची जोड असते. मुरघास प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांत केलेला आहे: मक्याचे कणीस चिकात असताना तोडायचे, कुट्टी करायची, हवा राहणार नाही अशी तुडवून दाबायची, तोंड बांधायचे आणि सुमारे दीड महिना उघडायची नाही. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो. उघडलेल्या पिशवीतून मुरघास काढून पाट्यांत भरणे, वाड्याच्या मोळ्या सोडणे, गव्हाणीतले उष्टे काढणे ही कामे पाहुण्याची. कुट्टी घरचा माणूसच करतो आणि तेवढा वेळ मुलांना अंगणाबाहेर ठेवले जाते. कुट्टीच्या यंत्रात हात गमावलेला माणूस ग्रामीण भागात अपरिचित नाही, त्यामुळे या नियमाबद्दल मला काहीच बोलायचे नाही.

आमच्या मुक्कामात एक म्हैस रात्री व्याली. आम्हाला उठवले नाही. सकाळी आमच्या मुलीने त्यावरून तक्रार केली तेव्हा धाकट्या सूनबाईंनी तिला समजावले की व्याताना म्हशीला निवांतपणा लागतो, आणि आपल्याला बरे नसताना घरात पाहुणे जमले तर आपल्याला आवडेल का. पर्यटकाच्या दृष्टीने पाहिले तर हा मुक्कामातला सर्वांत मोठा प्रसंग होता, आणि अन्य एखाद्या ठिकाणी तो नक्कीच दाखवला गेला असता, कदाचित चित्रीत करून पुढच्या जाहिरातीत वापरलाही गेला असता. दुसऱ्या दिवशी दुरून रेडकू दाखवले. त्याला पहिल्या तासा-दोन तासांतच चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजला गेला होता. वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे, कारण जन्मतः त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी शक्ती नसते आणि चिकातील ती शक्ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता दिवसभरातच संपते. साहजिकच खरवसाची आमची आशा तेथेच जवळजवळ मावळली. रेडकाचे भागल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस निघण्याच्या दिवशी झाला, तोही वाडीतल्या पाच घरी वाटून आमच्या वाट्याला वाटीभर आला. गूळ, वेलदोडा आणि जायफळ घातलेला, कापल्यावर किंचित पाझरणारा. तो वाटीभरच असल्याचे मी तक्रारीत धरत नाही.

मुलांना मोठ्या वासरांजवळ मोकळेपणाने जाऊ दिले जाते. बाटलीने दूध पाजणे, खरारा करणे, गोचीड शोधून काढणे, हे सगळे करता येते आणि आमची मुलगी त्यात रमून गेली. शेणी थापायलाही शिकवले जाते. येथील शेणींचा काही हिस्सा दरवर्षी होळीच्या सुमारास कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीला दान म्हणून जातो. त्या स्मशानभूमीत दहनासाठी शेणी वापरतात आणि जिल्ह्यातून लोक त्या आणून देतात. आक्कांनी ही गोष्ट शेणी थापता थापता, मुलांसमोर, अगदी सहज सांगितली आणि मुलांनीही ती तितक्याच सहज ऐकली.

जेवण घरचे आणि घरच्यांसोबत. ज्वारीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, वांग्याचे भरीत, घट्ट दही, ताक, ताज्या लोण्याचा गोळा. आगाऊ सांगितले तर एका रात्री तांबडा-पांढरा रस्सा मिळतो, आणि तो चांगला असतो, परंतु कोल्हापूर शहरात त्याहून चांगला मिळेल; येथे दह्यासाठी यावे. म्हशीच्या दुधाचे, मातीच्या गाडग्यात लावलेले, सुरीने कापावे असे दही. दूध नेहमी तापवूनच दिले जाते. कोल्हापूर शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणच्या कट्ट्यांवर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध प्यायची पैलवानी परंपरा आहे आणि अनेक पाहुणे त्याच अपेक्षेने येथे येतात. थोरला भाऊ स्वतः तालमीत वाढलेला आहे, लहानपणी तांब्याच्या तांब्यांत धारोष्ण दूध प्यायलेला आहे, तरीही पाहुण्याला ते देत नाही. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेल्लोसिस आणि क्षयासारखे रोग माणसाला होऊ शकतात. परंपरेचा अभिमान असूनही नकार देणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो, आणि ज्या पाहुण्यांनी याच कारणावरून नाराजी नोंदवली आहे त्यांच्याशी मी सहमत नाही.

आता उणिवांकडे. गोठ्यात शिरताना चुन्याचा पट्टा ओलांडावा लागतो आणि बाहेरची पादत्राणे चालत नाहीत, हे योग्यच आहे; लाळ्या-खुरकुतासारखा रोग बुटांच्या तळव्यांवरूनही एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो, आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरलेल्या लम्पीच्या साथीनंतर तर प्रत्येक पशुपालक सावध झालेला आहे. पण मग गोठ्यासाठी लागणारे रबरी बूट पाहुण्यांना पुरेशा मापांत मिळायला हवेत. येथे ते फक्त पुरुषांच्या मोठ्या मापांत आहेत. मला आणि मुलीला ओल्या फरशीवर प्लॅस्टिकच्या सपाता घालून वावरावे लागले, आणि शेणाच्या ओल्या फरशीवर सपाता घसरतात. नियम करणाऱ्याने नियम पाळण्याचे साधनही पुरवले पाहिजे. हात धुण्याचे बेसिन गोठ्यापासून दूर, खोल्यांच्या मागे आहे. ते गोठ्याच्या दारात हवे, साबणासह. मुक्कामाला येण्यापूर्वी पाहुण्याला छापील किंवा मोबाइलवर पाठवलेली साधी सूचनापत्रिका मिळाली तर पहिल्या संध्याकाळचा बराच गोंधळ वाचेल, कारण आमच्यासोबत आलेल्या दुसऱ्या कुटुंबाची कल्पना पूर्णपणे वेगळी होती. त्यांनी एका मध्यस्थामार्फत आरक्षण केले होते आणि त्या मध्यस्थाच्या जाहिरातीत हवे तितके दूध काढा, धारोष्ण दूध प्या, बैलगाडीतून फिरा असे सगळे लिहिलेले होते. या घरी बैलगाडी नाही, बैलच नाहीत. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी दुपारीच निघून गेले. दोष मध्यस्थाचा असला तरी आपल्या नावावर काय विकले जात आहे हे पाहण्याची जबाबदारी यजमानांचीही आहे.

दर माणशी दिवसाला २,००० रुपये, जेवणखाण धरून. दहा वर्षांखालील मुलांना निम्मा. पैसे देऊन शेण का उचलायचे, असा प्रश्न आमच्या ओळखीच्यांनी विचारला आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात पाहुण्याच्या श्रमाचा या घराला फारसा उपयोग नाही; आम्ही जे काम तासात करत होतो ते धाकट्या सूनबाई वीस मिनिटांत करतात, आणि आम्हाला शिकवताना त्यांचा वेळच जातो. त्या वेळेचे, जेवणाचे आणि खोलीचे मिळून हे पैसे मला रास्त वाटले. जे स्वस्त वाटेल ते दूध आहे. दूध दारात अमुक रुपये लिटर मिळते याची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना, पहाटे साडेचारची थंडी, वर्षातला एकही दिवस न चुकणारी धार, व्यायला टेकलेल्या म्हशीपाशी जागवलेली रात्र आणि पेंडीचा वाढता भाव हे सगळे त्या रकमेत बसवून दाखवायला सांगितले, तर बसवता येणार नाही. लग्नाला जायचे असले तरी घरातले निम्मेच माणूस जाते, असे आक्का म्हणाल्या, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

ज्यांना विश्रांतीसाठी जायचे आहे त्यांनी पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर राहावे. ज्येष्ठांना ओल्या फरशीची भीती आहे. सहा-सात वर्षांवरील मुले, विशेषतः दूध पिशवीतून येते असे मानणारी, येथे आनंदाने राहतील, मात्र पालकांनी त्यांच्या हातातला मोबाइल धारेच्या वेळी खोलीतच ठेवायला हवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कुंभीला पूर येतो, रस्ता कधी कधी बंद होतो आणि त्या महिन्यांत यजमान आरक्षण घेत नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशींची मिरवणूक निघते, तेव्हा हे घरही आपल्या दोन म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसे लावून घेऊन जाते. त्या दिवसांत खोल्या नातेवाइकांनी भरलेल्या असतात, त्यामुळे विचारण्यातही अर्थ नाही. आरक्षण मध्यस्थामार्फत न करता थेट फोनवर करावे. सकाळी नऊनंतर किंवा रात्री आठनंतर करावे. संध्याकाळी साडेचार ते सात या वेळेत फोन कोणीही उचलत नाही.